नाडी आणि पक्षाघात

जयपूर शहराच्या आग्नेयेस झालाना डुंगरी म्हणून जी डोंगरओळ आहे, तिच्या रानात एके काळी दरबारची शिकार चाले. आज ते रान बिबट्यांसाठी राखलेले असून डोंगराच्या पायथ्याशी राजस्थान सरकारची राज्य आरोग्य व कुटुंब कल्याण संस्था आहे, आणि सरकारी दवाखान्यांच्या सेवकवर्गाचे प्रशिक्षण तेथे चालते. याच शहरात १९४७ साली सवाई मानसिंह वैद्यकीय महाविद्यालय आणि १९७६ साली राष्ट्रीय आयुर्वेद संस्थान स्थापन झाले. नाडीवर बोट ठेवणारी जुनी विद्या आणि हृदयाचा विद्युत्-आलेख काढणारी नवी विद्या जेथे अशा शेजारी नांदतात, तेथे पक्षाघाताने इस्पितळात दाखल झालेल्या रुग्णाच्या मनगटाचा इतिहास सांगणे मला अगत्याचे वाटते.

अंगठ्याच्या मुळाशी चालणाऱ्या धमनीला जिवाची साक्षीदार मानून आयुर्वेदाचार्य शार्ङ्गधराने तिची गती सर्प, जळू, बेडूक, हंस यांच्या चालींवरून वर्णिली, आणि थांबत थांबत चालणारी नाडी प्राणघातक ठरवली. पक्षाघाताचे विवेचन तर चरकसंहितेच्या वातव्याधिप्रकरणात त्याच्या कितीतरी आधी झालेले होते. दोन्ही निरीक्षणे सूक्ष्म होती, परंतु एकाच कचेरीतील दोन दप्तरे निरनिराळ्या कपाटांत बांधून ठेवावीत तशी ती राहिली. आणि युरोपातील वैद्यकाची अवस्थाही दीर्घकाळ याहून वेगळी नव्हती.

लंडनच्या विल्यम सेनहाउस कर्क्सने १८५२ साली दाखवून दिले की, हृदयाच्या आतील रक्ताची गुठळी सुटून रक्तप्रवाहाबरोबर मेंदूच्या धमनीत अडकली, तर अर्धे अंग लुळे पडते. मनगटावरील नाडीची कोणताही ताल नसलेली धाव ही वैद्यांच्या परिचयाची होती, तिचे उगमस्थान मात्र अज्ञात होते. बर्नलीच्या गिरणीवस्तीत वैद्यकी करणाऱ्या जेम्स मॅकेन्झीने नाडीचे आलेख वर्षानुवर्षे जमवले. अशा रुग्णांत अलिंदाच्या, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्याच्या, आकुंचनाची लाटच उमटत नाही हे त्याने हेरले, आणि अलिंद निश्चेष्ट झाले असावे असा तर्क केला. एका साध्या गावडॉक्टराच्या या चिकाटीविषयी मला फार आदर वाटतो. पुढे हृदयाचा विद्युत्-आलेख काढणाऱ्या आइंटहोव्हेनच्या तारयंत्राच्या साहाय्याने टॉमस लुईसने १९०९ मध्ये सिद्ध केले की, अलिंद निश्चेष्ट नसते, ते अविरत थरथरत असते. हेच एट्रियल फिब्रिलेशन.

थरथरणाऱ्या अलिंदात, विशेषतः डाव्या अलिंदाच्या लहानशा उपांगात, रक्त साकळते आणि गुठळी होते, हे आता सर्वमान्य आहे. तथापि दोष झडपेचा, संधिवाताच्या तापाने आखडलेल्या द्विदल झडपेचा, असाच समज बराच काळ रूढ होता, आणि झडप निर्दोष असलेल्या वृद्धाची बेताल नाडी फारशी कोणी मनावर घेत नसे. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम गावच्या ५,१८४ स्त्री-पुरुषांची चोवीस वर्षांची नोंद १९७८ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा झडपेचा विकार नसतानाही या बेताल नाडीने पक्षाघाताचा धोका पाचपटीहून अधिक वाढतो, आणि संधिवाती हृद्‌विकार असल्यास सतरा पटींहून अधिक, असे आढळले. दोन्ही दप्तरे एका मेजावर आली ती या नोंदीमुळे.

आज पक्षाघाताच्या रुग्णाचा हृदयालेख काढणे हा इस्पितळांचा शिरस्ता झाला आहे. परंतु ही थरथर पुष्कळदा येऊन-जाऊन असते. दाखल होण्याच्या वेळी आलेख निर्मळ निघतो, आणि दिवसेंदिवस नजर ठेवावी तेव्हा ती सापडते. म्हणूनच खेड्यातील परिचारिकेने म्हाताऱ्या माणसाच्या मनगटावर बोटे ठेवून ताल पाहावा, आणि शंका येताच त्याला आलेखासाठी पाठवावे, हा विचार मला जुन्या विद्येच्या आदरापेक्षाही व्यवहाराचा वाटतो. पक्षाघात होण्याआधी ही नाडी हाती लागली, तर रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधाने तो बहुतेक वेळा टाळता येतो.

त्या औषधांतही आपल्याकडच्या रुग्णांचा प्रश्न निराळा आहे. नवी औषधे सोयीची, त्यांना वारंवार रक्ततपासणी लागत नाही. पण संधिवाताने झडप बिघडलेल्या रुग्णांत वॉर्फरिनच्याच जातीचे जुने औषध सरस ठरते, असे आशिया, आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेतील साडेचार हजारांहून अधिक रुग्णांच्या अभ्यासातून २०२२ साली निष्पन्न झाले. त्याची मात्रा अधूनमधून रक्त तपासून ठरवावी लागते, आणि जैसलमेरकडील ढाणीत किंवा नंदुरबारच्या पाड्यावर राहणाऱ्या, मजुरी बुडवून तालुक्याच्या दवाखान्यात जाणाऱ्या माणसाला ती तपासणी दरमहा परवडेल कशी, याचा बंदोबस्त व्हावयाचा आहे.