पाण्याचा जोर वळणावर कोठे जातो?



नरडाण्याच्या शिवारात विहिरीकाठचा पंप पाहा. खाली पाण्यात फुटव्हॉल्व्ह, वर एक बेंड, पुढे एक व्हॉल्व्ह, बांधाशी पुन्हा दोन एल्बो. विहिरीची खोली आपण दोरीने मोजतो, पंपाची ताकद हॉर्सपॉवरमध्ये सांगतो. पण या एल्बो-व्हॉल्व्हमध्ये पाण्याचा किती जोर खर्ची पडला, हे कोणी मोजले आहे काय? ते मोजायला माणसाला फार वर्षे लागली. त्याचीच ही हकीकत.

पाणी वळवण्याची विद्या खानदेशाला नवी नव्हे. पांझरेवर बंधारे घालून पाटाने फडाला पाणी देण्याची रीत कित्येक शतकांची आहे. पण पाट उघडा असतो. उतार कोठे कमी पडला, पाणी कोठे तुंबले, हे पाटकऱ्याला डोळ्यांनी दिसते. बंद नळात सारेच झाकलेले. शिवाय नळात जेवढे पाणी शिरते तेवढेच बाहेर पडते. वाटेत कमी होतो तो फक्त जोर. मग तो तोटा ओळखायचा कसा?

वाट दाखवली दानियल बर्नुली या स्विस पंडितांनी. त्यांचा ग्रंथ 1738 साली प्रसिद्ध झाला. नळाच्या अंगाला बारीक भोक पाडून तेथे काचेची उभी नळी लावली, तर आतल्या दाबाप्रमाणे पाणी तिच्यात चढते. न दिसणारा दाब असा उंचीच्या रूपाने दिसू लागला. आता वळणाच्या अलीकडे एक नळी लावा, पलीकडे एक लावा. दोन्हींतील उंचीचा फरक घ्या. त्यातून सरळ नळाच्या घर्षणाचा वाटा वजा करा. उरला तो वळणाचा तोटा. मात्र पलीकडची नळी वळणाला खेटून लावायची नाही, बरे का! तेथे पाणी अजून भोवऱ्यात असते.

या भोवऱ्यातच सारे मर्म आहे. अरुंद नळ एकाएकी रुंद झाला की पाण्याचा जोर वाया जातो. त्याचा हिशेब फ्रान्सच्या झां-शार्ल द बोर्दा यांनी 1766 मध्ये मांडला. वळणावर किंवा व्हॉल्व्हमध्येही पाणी कडेपासून सुटते, गरगरते, आणि त्याचा जोर अखेर किंचित उष्णतेत विरून जातो. तो परत मिळत नाही.

पुढे जर्मनीतील फ्रायबर्गच्या खाणविद्यालयाचे प्राध्यापक युलिउस वाइसबाख यांनी वळणे, तोट्या आणि झडपा यांवर प्रयोग केले. 1845 साली त्यांनी हा हिशेब सोपा करून दिला. पाण्याचा वेग सेकंदाला 1 मीटर असेल, तर तेवढा वेग यायला पाणी सुमारे 5 सेंटिमीटर उंचीवरून पडावे लागते. वेग 2 मीटर झाला की ही उंची 20 सेंटिमीटर होते. वेग दुप्पट, तोटा चौपट! या उंचीला त्या त्या जोडाच्या अंकाने गुणले की तोटा निघतो. कोन करून जोडलेल्या काटकोनी वळणाचा अंक जवळजवळ 1 येतो.

आता अमेरिकेतील एक गोष्ट ऐका. जॉन फ्रीमन हे इंजिनियर गिरण्यांच्या आगविम्याचे काम पाहत. कापसाच्या गिरणीला आग लागली, आणि नळांच्या वळणांतच जोर संपून पाणी वरच्या मजल्यावर पोचले नाही, तर? म्हणून त्यांनी 1892 साली जून ते ऑक्टोबर या काळात न्यू हॅम्पशायरमधील नॅशुआ येथे नळ आणि जोड यांवर कसोशीने प्रयोग केले. पण ती मापे पुस्तकरूपाने छापली गेली 1941 साली. तोवर 49 वर्षे लोटली होती आणि फ्रीमन 1932 मध्येच वारले होते. मोजलेले ज्ञानही लोकांपर्यंत पोचावे लागते, ते असे.

आपल्या विहिरीवर याचा अर्थ काय? पूर्ण उघड्या गेट व्हॉल्व्हचा अंक साधारण 0.2 धरतात, ग्लोब व्हॉल्व्हचा 10. पाण्याचा वेग सेकंदाला 2 मीटर असेल, तर पहिल्यात सुमारे 4 सेंटिमीटर तोटा, दुसऱ्यात 2 मीटर! 20 मीटर उपसा असेल, तर हा एकटा व्हॉल्व्ह त्यावर दहाव्या हिश्श्याचा भार टाकतो, आणि त्याचे बिल आपणच भरतो. तसेच तीन इंचीऐवजी अडीच इंची नळ घेऊन तेवढेच पाणी काढले, तर प्रत्येक वळणाचा तोटा दुपटीने वाढतो. पंपाच्या ओढीकडच्या बाजूला तर वळणे जितकी थोडी तितके बरे, कारण पंप वर ओढतो ते हवेच्या दाबावर, आणि त्याला मर्यादा आहे.

गुरुजी, हे वर्गात दाखवता येईल. सारख्या जाडीचे व सारख्या लांबीचे दोन नळ घ्या. एक सरळ, दुसऱ्याला चार एल्बो. दोन्ही वेळा टाकीतील पाण्याची पातळी आणि नळाच्या तोंडाची उंची तीच ठेवा. एक बादली भरायला किती सेकंद लागतात ते मुलांना घड्याळावर मोजू द्या, आणि दोन्ही आकडे फळ्यावर लिहा.