घरचा स्टिरिओ ॲम्प्लिफायर : सुरक्षित वापराविषयी काही माहिती

नाताळ जवळ आला की आपल्या धर्मग्रामांत एक गोष्ट दरवर्षी घडते. ज्याच्या घरी बरा स्टिरिओ आहे त्याच्याकडे तरुण मंडळी जातात आणि त्याचा ॲम्प्लिफायर, दोन स्पीकर व मायक्रोफोन उचलून गव्हाणीच्या मांडवात आणतात. बैठकीच्या खोलीत कोरड्या फरशीवर वर्षभर वाजणारे यंत्र मग दवाने ओल्या झालेल्या अंगणात, लांबच लांब जोडवायरीवर, अनवाणी उभ्या असलेल्या मुलांच्या हाताशी येते. गोंदिया जिल्ह्यात मंडईच्या दिवसांत, साखरपुड्यात किंवा वाढदिवसालाही हेच चित्र दिसते. ॲम्प्लिफायरबद्दल वाचकांशी सविस्तर बोलावे असे आम्हांस वाटले, ते यामुळेच.

मायक्रोफोन, मोबाईल, सीडी प्लेयर यांतून येणारा विजेचा संकेत अत्यंत क्षीण असतो. भिंतीतील २३० व्होल्ट पुरवठ्यातून शक्ती घेऊन ॲम्प्लिफायर त्या संकेताला स्पीकरचा पडदा हलविण्याइतका बलवान करतो. म्हणजे त्या पेटीत दोन जगे शेजारी नांदतात : एका बाजूला जीवघेणा २३० व्होल्टचा प्रवाह आणि दुसऱ्या बाजूला आपल्या हातात येणारा मायक्रोफोन. या दोहोंना वेगळे ठेवण्याचे काम आतील ट्रान्सफॉर्मर व त्याचे इन्सुलेशन करते. हे इन्सुलेशन उष्णतेने, ओलीने किंवा उंदराच्या दातांनी फाटले की पेटीचा धातूचा सांगाडा ‘फेज’ला टेकतो.

तिसरी पिन कशासाठी?

तीन पिनांच्या प्लगमधील वरची पिन इतर दोहोंपेक्षा जाड व लांब असते. प्लग सॉकेटमध्ये जाताना ती सर्वांआधी जोडली जावी आणि काढताना सर्वांत शेवटी सुटावी, अशी ती योजना आहे. ही अर्थिंगची पिन सांगाड्याला हिरव्या किंवा हिरव्या-पिवळ्या वायरीने जमिनीशी जोडते. आत बिघाड होऊन सांगाड्यात वीज उतरली तर ती या वाटेने धो धो जमिनीत जाते, फ्यूज उडतो किंवा एमसीबी पडते आणि यंत्र बंद होते. तिसरी पिन नसेल तर काहीच घडत नाही; संगीत चालूच राहते. घात तिथेच आहे. सांगाडा २३० व्होल्टवर शांतपणे बसून राहतो. मायक्रोफोनच्या वायरीवरील जाळी त्या सांगाड्यालाच जोडलेली असल्यामुळे मायक्रोफोनचे धातूचे डोकेही तितकेच ‘जिवंत’ होते. ओल्या जमिनीवर अनवाणी उभे राहून ते ओठांजवळ धरणाऱ्याचे शरीर हीच मग विजेची वाट ठरते.

ही केवळ पुस्तकी भीती नाही. स्कॉटलंडचे गिटारवादक लेस्ली हार्वी यांचा ३ मे १९७२ रोजी वेल्समधील स्वॉन्सी येथे रंगमंचावर मृत्यू झाला. अर्थिंग नीट नसलेल्या मायक्रोफोनला त्यांनी हात लावला होता. अमेरिकेतील टेक्सास राज्यातील वेको येथे ३० ऑक्टोबर २००५ रोजी, रविवारच्या उपासनेत, काईल लेक हे तेहतीस वर्षांचे बॅप्टिस्ट पाळक बाप्तिस्म्याच्या कुंडात पाण्यात उभे होते. मायक्रोफोनकडे हात नेताच त्यांना विजेचा धक्का बसला आणि त्यातच त्यांचा अंत झाला. ओला हात, ओले पाय आणि धातूचा मायक्रोफोन ही त्रयी कोठेही एकत्र येऊ देऊ नये, मग ते वेदीसमोर असो वा घराच्या पडवीत.

आमचाही एक अनुभव येथे नोंदवतो. फार वर्षांपूर्वी एका खेडेगावात सायंकाळच्या प्रार्थनेच्या वेळी मायक्रोफोन ओठांना लागताच आम्हांला झिणझिण्या आल्या. यंत्र वाजविणारा मुलगा नम्रपणे म्हणाला, “फादर, थोडा करंट येतोच त्याला, रुमालात धरा.” आम्ही रुमालात धरला आणि प्रार्थना पूर्ण केली. आज ते आठवले की स्वतःच्या अज्ञानाची लाज वाटते. पुढे कोणीतरी तो प्लग उघडला, तेव्हा हिरवी वायर कापून आत दुमडून ठेवलेली आढळली. स्पीकरमधून सतत ‘हूं’ असा आवाज येत असे, तो घालविण्यासाठी हा उपाय कोणीतरी केला होता.

हा उपाय गावोगावी केला जातो, म्हणून त्याचे कारण सांगणे भाग आहे. ॲम्प्लिफायर एका बोर्डावर आणि कीबोर्ड किंवा टीव्ही दुसऱ्या बोर्डावर असला की दोघांच्या अर्थिंगमध्ये किंचित फरक राहतो. तो फरक जोडवायरीतून वाहून गुणगुण ऐकू येते. यावर बिनधोक उपाय म्हणजे सर्व यंत्रे एकाच बोर्डावरून, एकाच अर्थिंगवर चालविणे. एवढ्यानेही आवाज गेला नाही, तर संकेताच्या वायरीत बसणारा छोटा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर मिळतो, तो बसवावा. अर्थिंग कापणे हा उपाय नव्हे. झिणझिण्या आल्या तर रुमाल न शोधता प्रथम भिंतीवरील स्विच बंद करावा आणि यंत्र तपासून घेईपर्यंत पुन्हा लावू नये.

आपल्या भागात घरोघरी दिसणाऱ्या ‘असेंबल’ ॲम्प्लिफायरबद्दल वेगळे सांगावे लागेल. ४४४० क्रमांकाच्या आयसीवर किंवा २एन३०५५ ट्रान्झिस्टरवर बनविलेली ही यंत्रे स्वस्त असतात, गावातच दुरुस्त होतात आणि ती बनविणाऱ्या कारागिरांच्या हुशारीबद्दल आम्हांला आदर आहे. परंतु त्यांतील अनेकांचा डबा पत्र्याचा आणि प्लग मात्र दोन पिनांचा असतो. ज्या कारखानी यंत्रावर चौकोनात चौकोन ही खूण असते त्याला दुहेरी इन्सुलेशन असते. त्यालाच दोन पिना शोभतात. पत्र्याच्या डब्याला तीन पिनांची वायर लावून हिरवी वायर पत्र्याला स्क्रूने घट्ट आवळून घ्यावी. हे अर्ध्या तासाचे काम आहे.

घरातच अर्थिंग नसेल तर तिसरी पिन लावूनही उपयोग नाही. पुष्कळ जुन्या घरांत सॉकेटला तीन छिद्रे असतात, पण वरच्या छिद्रामागे वायरच नसते. परवानाधारक वायरमनकडून हे तपासून घ्यावे. अर्थिंगचा खड्डा असला तरी आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ अंशांकडे सरकतो तेव्हा त्यातील माती कोरडी ठणठणीत होते आणि कोरडी माती वीज नीट वाहून नेत नाही. त्या दिवसांत खड्ड्यात अधूनमधून पाणी ओतत जावे. याशिवाय मुख्य बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घेणे हा आमच्या मते घरातील सर्वांत शहाणा खर्च होय. वीज गळून माणसाच्या अंगातून जमिनीकडे वाहू लागली तर तो क्षणार्धात पुरवठा तोडतो. त्यावरील ‘टी’ अक्षराचे बटण महिन्यातून एकदा दाबून तो पडतो की नाही ते पाहावे.

दाब, वीज आणि उंदीर

धान गिरण्या व शेतीपंप यांच्या भारामुळे खेड्यांत सायंकाळी दाब बराच उतरतो आणि भार सुटला की एकदम चढतो. उतरलेल्या दाबावर जुन्या धाटणीचा, जड ट्रान्सफॉर्मरचा ॲम्प्लिफायर नुसता दबका वाजतो. चढलेला दाब मात्र त्याला जाळू शकतो. डीपीवर किंवा खांबावर न्यूट्रल तुटल्यास काही घरांत ४०० व्होल्टच्या जवळपास दाब येऊ शकतो. बल्ब अचानक लख्ख झाले, पंखा भन्नाट फिरू लागला की काही विचार न करता मुख्य स्विच पाडावा. महावितरणच्या १९१२ या क्रमांकावर मागाहून कळवता येते.

पूर्व विदर्भात रोवणीच्या दिवसांत विजा फार पडतात. विजांच्या कडकडाटात स्विच बंद करणे पुरेसे नाही. प्लग भिंतीतून काढून ठेवावा आणि डिश टीव्हीची किंवा केबलची वायर यंत्राला जोडलेली असल्यास तीही सोडवावी. मात्र हे ढग दूर असतानाच करावे, वीज डोक्यावर आल्यावर वायरींना हात लावू नये. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ हे मोबाईल ॲप आसपास पडणाऱ्या विजांची सूचना देते. ते शेतकरी बांधवांनी ठेवावेच.

उष्णता ही ॲम्प्लिफायरची जन्मजात सोबतीण आहे. वरच्या जाळीतून ती बाहेर पडली पाहिजे. आपल्या घरी भगिनी कौतुकाने विणलेला रुमाल यंत्रावर घालतात, त्यावर फुलदाणी, क्वचित मरियामातेची मूर्ती व पेटती मेणबत्तीही ठेवतात. दिसायला ते सुंदर असते, पण रुमाल हवा कोंडतो आणि फुलदाणीतील पाणी एक दिवस आत जाते. यंत्राच्या वर व मागे वीतभर मोकळी जागा ठेवावी आणि मूर्तीला तिचे स्वतंत्र स्थान द्यावे. उबेला पाली येतात आणि वायरी कुरतडायला उंदीर. पावसाळाभर बंद राहिलेले यंत्र नाताळात एकदम लावण्याआधी मागची वायर बोटांनी चाचपून पाहावी. ती कडक झालेली किंवा कुरतडलेली दिसल्यास बदलावी.

फ्यूज उडाला तर जितक्या अँपिअरचा असेल तितक्याच क्षमतेचा नवा घालावा. सिगारेटच्या पाकिटातील चांदीचा कागद किंवा तांब्याची तार गुंडाळून काम भागविणारे आम्ही पाहिले आहेत. त्यांनी आगीला आमंत्रणच दिलेले असते. प्लग काढल्यावरही आतील मोठ्या कपॅसिटरांत काही काळ विजेचा साठा टिकून राहतो. म्हणून झाकण उघडण्याचे धाडस ज्याला त्या कामाचे शिक्षण आहे त्यानेच करावे.

स्पीकर जोडताना

स्पीकरवर ४ किंवा ८ ओहम असे लिहिलेले असते. ॲम्प्लिफायरच्या पाठीवर किमान किती ओहम चालतील तेही छापलेले असते. आठ ओहमचे दोन स्पीकर एकाच चॅनेलवर समांतर जोडले की मिळून चार ओहम होतात. चारचे दोन जोडले की दोन. आकडा जितका खाली, तितका ॲम्प्लिफायरवर भार अधिक. मांडवात ‘अजून दोन लावू या’ म्हणत यंत्र जळते ते याच हिशेबाने. जोडणी नेहमी यंत्र बंद करून करावी आणि उघड्या तारेचे केस एकमेकांस किंवा पत्र्यास टेकू देऊ नयेत. चर्चमधील अहुजासारख्या सभेच्या ॲम्प्लिफायरच्या मागे ७० व १०० व्होल्टच्या खुणा असतात. त्या भोंग्यांच्या लांब लाइनींसाठी आहेत. तेथे घरचा स्पीकर लावल्यास तो तत्काळ जळेल, आणि यंत्र पूर्ण आवाजात असताना त्या स्क्रूंना हात लागल्यास झटकाही बसेल.

लावताना ॲम्प्लिफायर सर्वांत शेवटी आणि बंद करताना सर्वांत आधी, हा क्रम पाळला की स्पीकरला धाडकन बसणारा धक्का टळतो. आवाज फाटू लागला की बटण मागे घ्यावे. फाटलेल्या आवाजात लहान ट्विटर आधी जळतो. आणखी एक हिशेब ध्यानात ठेवण्याजोगा आहे : कानाला आवाज दुप्पट भासण्यासाठी सुमारे दहापट वॅट लागतात. मोठे यंत्र आणण्यापेक्षा स्पीकर श्रोत्यांच्या जवळ ठेवणे स्वस्त पडते. मोकळ्या जागेत अंतर निम्मे झाले की आवाज सहा डेसिबलने वाढतो.

कान आणि शेजारी

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत कानांना झेपतो, ९० डेसिबलचा मात्र चारच तास. स्पीकरला टेकून बसणारी लहान मुले त्याहून अधिक ऐकतात आणि गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही.

कायदाही स्पष्ट आहे. ध्वनिप्रदूषण नियम, २००० अन्वये निवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. घरच्या खासगी यंत्राचा आवाज आपल्या जागेच्या हद्दीवर या मर्यादेच्या पाच डेसिबलहून वर जाता कामा नये. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. सणांसाठी वर्षातील ठरावीक दिवशी मध्यरात्रीपर्यंत सवलत मिळू शकते, पण ती शासनाने जाहीर केलेली असावी लागते. मध्यरात्रीच्या मिस्साचा भोंगा बाहेर लावण्यापूर्वी पोलीस ठाण्यात चौकशी करावी. या बाबतीत आपण इतरांकडे बोट दाखवू नये, कारण सर्वोच्च न्यायालयाचा ३० ऑगस्ट २००० चा गाजलेला निकाल चेन्नईतील एका ख्रिस्ती प्रार्थनागृहाच्या ध्वनिक्षेपकाबद्दलच होता. इतरांची शांतता भंग करून, ध्वनिक्षेपक लावून प्रार्थना करावी असे कोणताही धर्म सांगत नाही, असे न्यायालयाने त्यात म्हटले. आम्हांला तो निकाल पटतो.

कोणाला धक्का बसलाच तर

चिकटलेल्या माणसाला हाताने ओढू नये; ओढणारा दुसरा बळी ठरतो. प्रथम प्लग किंवा मुख्य स्विच बंद करावा. ते शक्य नसेल तर कोरड्या लाकडावर किंवा गादीवर उभे राहून कोरड्या काठीने वायर दूर सारावी. खांबावरील उच्च दाबाची तार असेल तर जवळही जाऊ नये. माणूस बेशुद्ध असून श्वास घेत नसेल तर छातीच्या मध्यभागी दोन्ही तळहातांनी, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, दोन इंच खोल दाब देत राहावे आणि त्याच वेळी दुसऱ्याने १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी. शुद्धीवर येऊन तो ‘काही झाले नाही’ म्हणाला तरी त्याला रुग्णालयात न्यावे व हृदयाचा आलेख काढून घ्यावा. हृदयाचे ठोके काही तासांनंतरही बिघडू शकतात.