बृहदश्वाने ऐकून घेतलं

दिवाळीच्या पाडव्याला रात्री आमच्याकडे तीन पत्तीचा डाव बसतो. हे होते तेव्हा बसायचा. ते गेल्यावरही मी तो मोडू दिला नाही. बूट पाच रुपयांचा. एरवी पत्त्यांना घरात थारा न देणाऱ्या सासूबाई त्या एका रात्री काही बोलत नसत, कारण बलिप्रतिपदेला द्यूतप्रतिपदाही म्हणतात. शंकर-पार्वती त्या दिवशी फासे खेळले आणि पार्वती जिंकली, अशी कथा त्या सांगायच्या.

डावात आप्पा असतात. यांचे लहानपणापासूनचे मित्र. आप्पा हरले की बोलायला लागतात. "हातात राजांची जोडी होती हो वहिनी, आणि समोरून एक्के निघाले!" मग गेल्या वर्षीचा डाव, मग त्याच्या आधीच्या वर्षीचा. कुणी "पुरे आता आप्पा" म्हणतं, कुणी पानं पिसायला घेतं. हे मात्र अडकित्त्याने सुपारी कातरत एवढंच विचारायचे, "मग?" आणि आप्पा पहिल्यापासून सगळं पुन्हा सांगायचे. मला तेव्हा या माणसाच्या सोशिकपणाचं नवल वाटायचं. पुढे वर्गात नलोपाख्यान शिकवताना लक्षात आलं, की हे नकळत फार जुनी रीत पाळत होते.

मी चौतीस वर्षं संस्कृत शिकवलं. आपल्याकडे जुगारावरचं पहिलं सबंध सूक्त आहे ते जिंकलेल्याचं नाही, हरलेल्याचं आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं 34वं सूक्त, ऋचा 14. फासे म्हणजे बेहड्याची फळं, आपण त्रिफळ्यात घालतो तीच. तो माणूस सांगतो, की बायको कधी रागावली नाही, माझ्याशी आणि माझ्या मित्रांशीही चांगली वागली, आणि एका जास्तीच्या फाशापायी मी तिला दुरावलो. सासू तोंड बघत नाही. म्हाताऱ्या विकाऊ घोड्यासारखी माझी किंमत. आईबाप, भाऊ म्हणतात, आम्ही याला ओळखत नाही, बांधून न्या. आता जाणार नाही असं ठरवतो, आणि पटावर फासे वाजले की निघतो.

तो 'एक जास्तीचा फासा' म्हणजे काय, ते मुलांना समजावायला मला खेळच सांगावा लागे. अभ्यासकांनी जुळवलेली रीत अशी: ढिगातून मूठभर बेहडे घ्यायचे आणि चार-चार करून मोजायचे. काही उरलं नाही तर कृत, सगळ्यांत उत्तम दान. तीन उरले तर त्रेता, दोन उरले तर द्वापर. एकच उरला तर कली, म्हणजे हार. आपली चार युगं याच दानांची नावं लावून बसली आहेत. पुढे सोंगट्या आल्या, कवड्या आल्या, तरी 'पोबारा' आणि 'फासे उलटे पडले' आपण रोज बोलतोच.

परंपरा या सूक्ताशी कवष ऐलूष या ऋषीचं नाव जोडते. ऐतरेय ब्राह्मणात त्याची गोष्ट येते. सरस्वतीकाठी यज्ञाला बसलेल्या ऋषींनी त्याला 'दासीपुत्र, जुगारी' म्हणून हाकललं, तहानेने मरावा म्हणून वाळवंटात सोडलं. तिथे त्याने जलदेवतांचं सूक्त म्हटलं आणि सरस्वती त्याच्याकडे धावली. मग ऋषींनी त्याला परत बोलावलं. मला या गोष्टीत नदीचं वागणं ऋषींपेक्षा शहाणपणाचं वाटतं.

राजसत्तेला या रडगाण्याशी कर्तव्य नव्हतं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात द्यूताध्यक्ष नावाचा अधिकारी आहे. खेळ एकाच ठिकाणी चालवायचा, दुसरीकडे खेळला तर 12 पण दंड, जिंकलेल्या रकमेतले शेकडा पाच सरकारजमा. हरलेल्याच्या दुःखाचा विचार तिथे नाही. शूद्रकाच्या मृच्छकटिकात तो हरलेला माणूस निदान दिसतो तरी. संवाहक दहा सुवर्ण हरतो, पळून ओस देवळात उलट्या पावलांनी शिरतो आणि मूर्ती होऊन उभा राहतो. शोधायला आलेले तिथेच खेळायला बसतात, आणि फाशांचा आवाज ऐकून या दगडाच्या देवाला राहवत नाही. शेवटी वसंतसेना आपला हातातला दागिना पाठवून त्याला सोडवते.

पण माझ्या मनातला माणूस बृहदश्व. वनपर्वात पांडव काम्यकवनात आहेत, अर्जुन अस्त्रांसाठी इंद्राकडे गेला आहे, भीम युधिष्ठिराला नुकताच बोल लावून बसला आहे. तेवढ्यात हा ऋषी येतो. युधिष्ठिर त्याच्यापाशी गाऱ्हाणं मांडतो: मला कपटाने फाशांत हरवलं, माझ्याइतका दुर्दैवी राजा दुसरा कुणी पाहिलात का? बृहदश्व 'चूक तुझी' म्हणत नाही, 'विसरून जा' म्हणत नाही. तो नळाची गोष्ट सांगतो. पुण्याच्या भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीत, विष्णु सुकथनकरांनी संपादिलेल्या आरण्यकपर्वात, ती तिसाच्या आसपास अध्याय चालते. शाळेत आम्हाला रघुनाथ पंडितांच्या आख्यानातला हंस होता. फाशांची बाजू मी मोठेपणी वाचली.

नळही भावाशी, पुष्कराशी, हरतो. कली त्याच्या अंगात शिरतो, डाव कित्येक महिने चालतो. सगळं गेल्यावर पुष्कर म्हणतो, आता दमयंती लाव. नळ अंगावरचे दागिने उतरवतो आणि एका वस्त्रानिशी निघतो. ही ओळ ऐकताना युधिष्ठिराला काय झालं असेल? बृहदश्व त्यावर अवाक्षर बोलत नाही. शेवटी परतून खेळताना नळ दमयंतीलाही पणाला लावतो, ते मला आजही बोचतं.

मधे ऋतुपर्ण राजा रथातून एका बेहड्याची पानं-फळं नजरेने मोजतो: दोन फांद्यांवर पाच कोटी पानं, 2095 फळं. त्याचा सारथी झालेला नळ रथ थांबवतो, झाड तोडून मोजून बघतो, हिशेब बरोबर निघतो. राजा त्याला अक्षविद्या देतो, नळ त्याला अश्वविद्या. त्या क्षणी कली नळातून बाहेर पडून त्याच बेहड्यात शिरतो. आणि गोष्ट संपल्यावर बृहदश्व युधिष्ठिरालाही तीच विद्या शिकवतो आणि मगच जातो. विराटाच्या दरबारी कंक होऊन फासे टाकायला ती उपयोगी पडली.

परवाच्या पाडव्याला आप्पा दोनशे रुपये हरले आणि सुरू झाले. भाचा उठून गेला, बाकीचे निजायला गेले. मी म्हटलं, "मग?" त्यांनी सगळं सांगितलं, त्यात यांच्यासोबतचे जुने डावही आले, आणि थोडा वेळ ते पत्त्यांबद्दल बोलतच नव्हते. मग मी काष्ठौषधीच्या दुकानातून आणून ठेवलेली बेहड्याची पिशवी सतरंजीवर ओतली. आप्पांनी मूठ भरली, चार-चार करून वेगळे केले. एक उरला. हा कली, मी सांगितलं. त्यांनी तो उचलून बराच वेळ हातात फिरवला.

"आणि तो नळ," ते म्हणाले, "मोजायला शिकला कुणाकडून?"

मी ऋतुपर्णाच्या रथापासून सांगायला सुरुवात केली.