पळसाची लाख आणि मोटारीचा फ्लोट

चांदूर बाजाराहून सातपुड्याच्या पायथ्याकडे जाऊं लागलें म्हणजे फाल्गुनांत पळस फुललेले दिसतात. या झाडाशीं मोटारीच्या इतिहासाचा कांहीं संबंध असेल असें सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. परंतु पळस, बोर व कुसुम यांच्या कोंवळ्या फांद्यांवर लाखेचे किडे पोसले जातात, आणि त्या लाखेचा एक पातळ थर हेन्री फोर्डच्या ‘मॉडेल टी’ गाड्यांत कित्येक वर्षें पेट्रोलमध्यें बुडून राहिलेला होता.

पेट्रोलचे तुषार हवेंत मिसळून एंजिनाला पुरविणारें यंत्र तें कार्बुरेटर. विल्हेल्म मायबाख यानें १८९३ च्या सुमारास जर्मनींत जो कार्बुरेटर सिद्ध केला, त्यांत पेट्रोलची पातळी फ्लोटनें राखलेली होती. पाण्याच्या टाकींतला तरंगता गोळा वाचकांनीं पाहिलाच असेल. तेंच हें काम. पेट्रोल उतरलें कीं फ्लोट खालीं येतो व सुईची झडप उघडते. पेट्रोल चढलें कीं ती मिटते.

‘मॉडेल टी’ १९०८ पासून १९२७ पर्यंत निघाली व तिची संख्या दीड कोटीच्या वर गेली. आपल्याकडे त्या गाड्या बहुधा फोर्डच्या कॅनडांतील कारखान्यांतून येत. त्यांच्या कार्बुरेटरांत बुचाच्या लांकडाचा फ्लोट असे. पोर्तुगाल-स्पेनकडील एका ओक वृक्षाची ही साल हलकी खरी, पण उघडी ठेवल्यास पेट्रोल शोषून जड होते. म्हणून सुतार लांकडाला पॉलिश करण्यासाठीं जी चपडा लाख स्पिरिटमध्यें विरघळवितो, तिचेच हात फ्लोटवर देत. लाख पेट्रोलला दाद देत नाहीं. जगाला लाख पुरविण्यांत त्या काळीं हिंदुस्थानच अग्रेसर होता. तेव्हां गाडी परदेशची असली तरी फ्लोटवरचा लेप इकडचा असण्याचा संभव मोठा!

परंतु ज्या मद्यार्कांत लाख विरघळते, तोच आतां पेट्रोलमध्यें मिसळला जातो. २००३ सालीं महाराष्ट्रासह कांहीं राज्यांत ५ टक्क्यांपासून आरंभ झाला, २०२२ मध्यें देशांत १० टक्के आणि २०२५ मध्यें २० टक्के हें प्रमाण गांठलें गेलें. ऊंस, मका व तांदूळ यांपासून हा मद्यार्क निघतो. शेतकऱ्याच्या दृष्टीनें तें इष्ट असेल. जुन्या फ्लोटवरची लाख मात्र त्यानें मऊ पडून निघूं लागते. बूच भिजतें, फ्लोट बुडतो, झडप मिटत नाहीं व पेट्रोल तापलेल्या एंजिनावर सांडतें. लाक्षागृहाची कथा आपणां सर्वांस ठाऊक आहे. येथें मात्र लाख गेल्यानें आगीचें भय उत्पन्न होतें.

पुष्कळ इतर मोटारींत पितळी पत्र्याचा पोकळ फ्लोट असतो. त्याचे दोन अर्ध कथील व शिशाच्या मिश्रणानें झाळलेले असतात, आणि सांधा सुटला कीं पेट्रोल आंत शिरतें. छिद्र शोधण्याची युक्ति सोपी आहे: फ्लोट गरम पाण्यांत बुडवावा, बुडबुडे येतील तेथें दोष समजावा. आंतलें पेट्रोल पुरतें उडून गेल्यावांचून झाळण्यास हात घालूं नये, नाहीं तर स्फोट होईल. शिवाय एक बारीक छिद्र शेवटपर्यंत उघडें ठेवावें लागतें, नाहीं तर आंतली हवा तापून नवा सांधा फुटतो. कथीलही बेतानेंच लावावें. फ्लोट जड झाला कीं पेट्रोलची पातळी वर चढते, एंजिन काळा धूर सोडतें. भांड्यांचे सांधे झाळणाऱ्या तांबटाच्या हाताला हें सर्व परकें नाहीं.

लाखेचा फ्लोट लाखेचाच हवा, असा आग्रह कांहीं मोटारप्रेमी धरतात. संग्रहालयांत उभ्या असलेल्या गाडीपुरता आम्हीं तो मान्य करूं. रस्त्यावर धांवणाऱ्या गाडींत मात्र मद्यार्काला न विरघळणाऱ्या राळेचा लेप द्यावा, किंवा पितळेचा नवा फ्लोट घडवावा. नवा फ्लोट कशाचाहि असो, मूळ पातळी राखली गेली कीं गाडीच्या इतिहासाशीं बेइमानी झाली असें आम्हांस वाटत नाहीं. जुना फ्लोट मात्र फेंकूं नये. वाळवून, कोरडें वजन व मापें कागदावर टिपून, तो डबींत जपून ठेवावा. पुढच्या मिस्त्रीला नमुना लागेल तो त्याचाच.