महाराष्ट्रातील व्यावसायिक अंतराळ उद्योग व गुंतवणूक

व्यावसायिक अंतराळ उद्योग म्हणजे प्रक्षेपणयाने, उपग्रह, त्यांचे सुटे भाग आणि उपग्रहांवर आधारित सेवा विकणारा उद्योग होय. तो दीर्घ मुदतीच्या गुंतवणुकीचे क्षेत्र मानला जातो. महाराष्ट्रातील कारखाने अनेक दशकांपासून भारतीय अंतराळ संशोधन संस्थेला (इस्रो) सुटे भाग पुरवीत आले आहेत. मात्र सामान्य गुंतवणूकदाराला या क्षेत्रात थेट सहभागी होण्याचे मार्ग मर्यादित आहेत.

राज्यातील उत्पादक

इंदापूर तालुक्यातील (जिल्हा पुणे) वालचंदनगर इंडस्ट्रीज घन इंधनावर चालणाऱ्या अग्निबाण-मोटारींची पोलादी आवरणे बनवते. मुंबईतील विक्रोळी येथे गोदरेज समूह विकास व क्रायोजेनिक इंजिनांचे भाग तयार करतो. नवी मुंबईची पारस डिफेन्स अंतराळातील कॅमेऱ्यांसाठी प्रकाशीय घटक बनवते. चांदीच्या बाजारपेठेसाठी प्रसिद्ध असलेल्या खामगावहून (जिल्हा बुलढाणा) चांद्रयान-३ मोहिमेसाठी चांदीच्या नळ्या व उष्णतारोधक आच्छादनाचे कापड गेल्याची वृत्ते २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली.

शासकीय धोरण

जून २०२० मध्ये केंद्र सरकारने हे क्षेत्र खासगी कंपन्यांना खुले केले व त्यांना परवानगी देण्यासाठी ‘इन-स्पेस’ ही संस्था स्थापन केली. भारतीय अंतराळ धोरण २०२३ मध्ये जाहीर झाले. फेब्रुवारी २०२४ मध्ये थेट परकीय गुंतवणुकीचे नियम शिथिल करण्यात आले. स्वयंचलित मार्गाने सुट्या भागांच्या निर्मितीत १०० टक्के, उपग्रहनिर्मितीत ७४ टक्के, तर प्रक्षेपणयानांत ४९ टक्के गुंतवणुकीस मुभा मिळाली. ऑक्टोबर २०२४ मध्ये नवउद्योगांसाठी १,००० कोटी रुपयांच्या साहस भांडवल निधीस मंजुरी मिळाली.

गुंतवणुकीचे स्वरूप व जोखीम

गोदरेज अँड बॉइस ही कंपनी शेअर बाजारात सूचीबद्ध नाही; न्यूस्पेस इंडिया पूर्णतः सरकारी मालकीची आहे. लार्सन अँड टुब्रो सूचीबद्ध असली, तरी तिचे बहुतांश उत्पन्न बांधकाम व इतर व्यवसायांतून येते. त्यामुळे तिचा समभाग घेणे म्हणजे प्रामुख्याने अंतराळात गुंतवणूक करणे नव्हे. हैदराबादची स्कायरूट व चेन्नईची अग्निकुल या कंपन्या मुख्यतः साहस भांडवलावर उभ्या राहिल्या.

मोजके ग्राहक, चाचण्यांचा प्रदीर्घ काळ आणि प्रक्षेपणातील अपयश या मुख्य जोखमी आहेत. अमेरिकेच्या व्हर्जिन ऑर्बिट कंपनीचे जानेवारी २०२३ मधील प्रक्षेपण फसले आणि एप्रिलमध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला. म्हणून एखाद्या मोहिमेच्या यशावरून कंपनीचे मूल्य ठरविण्यापूर्वी तिच्या उत्पन्नातील अंतराळ व्यवसायाचा वाटा, हातातील मागण्या व कर्ज तपासणे आवश्यक ठरते.