एका मतपत्रिकेवरचे शेजारी

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत पक्षच मतपत्रिका छापत. गव्हर्नरपासून खालच्या पदांपर्यंत आपल्याच उमेदवारांची नावे असलेला, अनेकदा रंगीत, कागद कार्यकर्ता हाती देई आणि मतदार तो जसाच्या तसा पेटीत टाकी. 1888 नंतर सरकारी छपाईची गुप्त मतपत्रिका पसरली, तरी पेनसिल्वेनियात एकाच खुणेने सगळा पक्ष निवडण्याची सोय 2019 पर्यंत टिकली. ती गेल्यावर कमकुवत गव्हर्नर-उमेदवाराचे ओझे खालच्यांवर पडणार नाही, असे वाटणे साहजिक होते. मला ते पटत नाही. 2022 मध्ये तिथे गव्हर्नरपदाचे रिपब्लिकन उमेदवार डग मास्ट्रियानो जवळपास 15 टक्क्यांनी हरले. त्याच मतपत्रिकेवर सिनेटसाठी उभे असलेले त्यांचे सहकारी मेहमत ओझ सुमारे 5 टक्क्यांनीच हरले, म्हणजे लाखो मतदारांनी नावे वेगवेगळी पारखली. पण विधानसभेच्या 203 पैकी 102 जागा डेमोक्रॅट्सकडे गेल्या, बारा वर्षांनी बहुमत आले, आणि माँटगोमेरी काउंटीतली निर्णायक जागा शंभराहून कमी मतांनी ठरली.

मतदारसंघांची नवी आखणी आणि गर्भपाताचा प्रश्न यांचा वाटा मोठा होता, हा आक्षेप रास्तच आहे. एवढी उलथापालथ एकट्या मास्ट्रियानोंच्या माथी मारता येणार नाही. मात्र इतक्या निसटत्या जागेवर थोडाही भार पुरतो. टीव्हीवर मास्ट्रियानोंच्या जाहिराती तुरळक, स्थानिक पत्रकारांना टाळणारा उमेदवार. उपनगरांतल्या काठावरच्या मतदाराला पक्षाकडे वळवायचे काम मग खालच्या उमेदवाराला तुटपुंज्या पैशांत एकट्यानेच करावे लागते.