वाहत्या पाण्यातील होडी : ग्वाल्हेर परिसरातून प्राथमिक धडे

समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या ग्वाल्हेरचे गोव्याशी जलक्रीडेच्या क्षेत्रात एक जवळचे नाते आहे. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या अखत्यारीतील भारतीय पर्यटन व प्रवास व्यवस्थापन संस्था १९८३ साली स्थापन झाली. तिचे मुख्यालय ग्वाल्हेर येथे आहे. गोव्यात १९९० साली सुरू झालेली राष्ट्रीय जलक्रीडा संस्था आज याच संस्थेचा भाग असून जीवरक्षण, यांत्रिक बोटी हाताळणे अशा विषयांचे अल्प मुदतीचे अभ्यासक्रम ती चालवते.

गोमंतकीयांना होडी नवी नाही. मात्र भरती-ओहोटीच्या खाडीत वल्हे मारणे आणि उतारावरून खडकांमधून धावणाऱ्या नदीत होडी सांभाळणे ही दोन वेगळी कौशल्ये आहेत. खाडीत वल्हेकरी होडीला गती देतो. वाहत्या नदीत गती पाणीच देते. वल्हेकऱ्याचे काम ती गती आवरण्याचे असते. या फरकाची जाणीव नसल्यामुळे उत्तम पोहणारे आणि दणकट हाताचे लोकही नदीत अडचणीत येतात. नवशिक्याने आरंभ कोठे करावा, काय शिकावे आणि कोणत्या धोक्यांपासून दूर राहावे, याची माहिती येथे दिली आहे.

ड्रिफ्ट बोट म्हणजे काय?

सपाट तळाची, बाजूंना बाहेर झुकलेली आणि दोन्ही टोकांना वर उचललेली छोटी होडी म्हणजे ड्रिफ्ट बोट. तळ केळ्यासारखा वाकलेला असल्याने तिचा मधलाच भाग पाण्याला अधिक टेकतो आणि ती जागच्या जागी सहज फिरते. अमेरिकेतील ऑरेगन राज्याच्या मॅकेन्झी नदीवर, मुख्यतः मासेमारीसाठी, विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हा प्रकार घडत गेला.

ती वल्हवण्याची रीत त्याहून जुनी आहे. नेहमीच्या होडीत वल्हेकरी जायच्या दिशेला पाठ करून बसतो. १८९० च्या दशकात नॅथॅनियल गॅलोवे नावाच्या शिकाऱ्याने ग्रीन आणि कोलोरॅडो नद्यांवर ही बैठक उलटी केली. तो प्रवाहाच्या दिशेला तोंड करून बसला, समोरचे खडक पाहू लागला आणि वल्हे मागे ओढून होडीचा वेग कमी करू लागला. माणसाची ताकद ढकलण्यापेक्षा ओढण्यात अधिक असते. त्यामुळे धोका डोळ्यांसमोर आणि सर्वांत जोरदार हालचाल धोक्यापासून दूर नेणारी, अशी ही योजना आहे.

भारतात लाकडी ड्रिफ्ट बोट सहसा दिसत नाही. परंतु मोहिमांमध्ये सामान वाहण्यासाठी हवा भरलेल्या रबरी तराफ्यावर चौकट बसवून दोन लांब वल्ही लावतात. त्या तराफ्याला लागणारे कौशल्य हेच असते.

ग्वाल्हेरभोवतालचे पाणी

ग्वाल्हेरपासून साधारण सव्वाशे किलोमीटरच्या टापूत स्थिर, संथ आणि खळाळते असे तिन्ही प्रकारचे पाणी आढळते. शिकण्याचा क्रम समजून घेण्यास हा परिसर म्हणूनच सोयीचा आहे.

पहिला प्रकार तिघरा जलाशयाचा. सांक नदीवरील हे धरण शिंदे संस्थानच्या काळातील असून ग्वाल्हेर शहराला आजही तेथून पिण्याचे पाणी मिळते. विश्वेश्वरय्यांनी खडकवासल्याला १९०३ मध्ये बसवलेल्या स्वयंचलित दरवाजांची पद्धत पुढे येथेही वापरली गेली. १९१७ च्या ऑगस्टमध्ये पाणी माथ्यावरून वाहून हे धरण फुटले होते. नंतर त्याची पुन्हा उभारणी झाली. जलाशयावर नौकाविहाराची सोय आहे. प्रवाह नसलेल्या अशा पाण्यात वल्ह्याच्या मूलभूत हालचाली शिकाव्यात.

दुसरा प्रकार चंबळचा. मुरैना जिल्ह्याच्या सीमेवर ही नदी रुंद आणि संथ वाहते. मात्र हा पट्टा राष्ट्रीय चंबळ अभयारण्यात येतो. मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेश या तीन राज्यांत पसरलेले हे अभयारण्य घडियाल, मगर आणि गंगेतील डॉल्फिन यांचे आश्रयस्थान आहे. तेथे सरावासाठी स्वतःची होडी उतरवू नये. वनखात्याच्या नियमांनुसार चालणाऱ्या नौकाफेरीत बसून संथ नदीचे निरीक्षण करणे मात्र उपयुक्त ठरते. मुख्य धार वळणाच्या बाहेरच्या काठाला कशी सरकते आणि आतल्या बाजूला वाळू कशी साचते, हे तेथे स्पष्ट दिसते.

तिसरा प्रकार ओरछा येथील बेटवा नदीचा. बुंदेल्यांच्या छत्र्यांसमोर, कंचना घाटाजवळ नदी खडकांमधून फुटून वाहते. तेथे पर्यटकांसाठी राफ्टिंग चालते आणि खळाळ लहान असल्याने जाणत्या मार्गदर्शकासोबत पहिला अनुभव घेण्यास हे ठिकाण योग्य आहे. पण बेटवेवर वरच्या अंगाला राजघाट आणि माताटीला ही मोठी धरणे आहेत. पाण्याची पातळी केवळ स्थानिक पावसावर अवलंबून नसते, याची नोंद घ्यावी. याच टापूतील सिंध नदीवर २००६ साली मणिखेडा धरणातून सोडलेल्या पाण्यात रतनगडच्या यात्रेला निघालेले अनेक भाविक नदी ओलांडताना वाहून गेले होते. धरणाखालच्या नदीत उतरण्यापूर्वी विसर्गाची चौकशी करणे हा पहिला नियम आहे.

वल्ह्याच्या चार हालचाली

१. मागे ओढणे : ही मुख्य हालचाल. पाय समोर टेकवून, पाठ सरळ ठेवून, हातांऐवजी अंगाच्या वजनाने ओढावे. वल्ह्याचे पाते जेमतेम बुडेल इतकेच पाण्यात जावे. खोल गेलेले पाते खडकात अडकते आणि दांडा छातीवर आदळतो.

२. पुढे ढकलणे : संथ डोहात होडी पुढे नेण्यासाठी. धोका टाळण्यासाठी ही हालचाल वापरू नये. तिने वेग वाढतो आणि विचाराला वेळ उरत नाही.

३. जागीच वळवणे : एक वल्हे ओढून त्याच वेळी दुसरे ढकलले की होडी स्वतःभोवती फिरते.

४. तिरकी ओढ : संपूर्ण विद्येचा गाभा हाच आहे. समोर खडक असेल तर होडीची नाळ खडकाकडे वळवावी, होडी प्रवाहाशी सुमारे तीस ते पंचेचाळीस अंशांच्या कोनात धरावी आणि मागे ओढावे. ओढीमुळे होडी मंदावते, तर कोनामुळे पाणीच तिला बाजूला सरकवते. नवशिक्याची उपजत प्रवृत्ती नाळ धोक्यापासून दूर फिरवण्याची असते. तसे केल्यास प्रत्येक ओढ होडीला पिछाडीकडून खडकाजवळच नेते. म्हणून ‘नाळ धोक्याकडे, ओढ धोक्यापासून दूर’ हे सूत्र स्थिर पाण्यातच अंगवळणी पाडावे लागते.

पाणी वाचणे

नदीचा पृष्ठभाग तळाची माहिती देत असतो. दोन खडकांमधून जाणारे गुळगुळीत पाणी खालच्या दिशेला टोक असलेल्या बाणासारखे निमुळते होते. तो बहुधा मोकळा मार्ग असतो. बाणाचे टोक प्रवाहाच्या उलट, वरच्या बाजूला दिसले तर त्या टोकाशी खडक दडलेला समजावा. खडकाच्या मागे पाणी उलट फिरून शांत होते. मार्गदर्शक त्याला ‘एडी’ म्हणतात. ही नदीतील विसाव्याची जागा होय. तेथे होडी थांबवून पुढचा टप्पा पाहता येतो. पुढचे दिसत नसेल तर काठाला लागून, पायी जाऊन पाहून यावे. अनुभवी मार्गदर्शकही हेच करतात.

नद्यांच्या अवघडपणाची आंतरराष्ट्रीय श्रेणी १ ते ६ अशी आहे. श्रेणी १ मध्ये वाहते पाणी आणि बारीक लाटा असतात. श्रेणी २ मध्ये खळाळ सरळ असून मार्ग रुंद व स्पष्ट असतो. स्वतः वल्हे धरणाऱ्या नवशिक्याने पहिला संपूर्ण हंगाम या दोन श्रेणींतच काढावा. ही श्रेणी कायमची नसते. पावसाने पातळी वाढली की तीच नदी वरच्या श्रेणीत जाते. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला तर त्याचा दाब सुमारे चौपट होतो. ‘थोडेसेच पाणी वाढले आहे’ हा अंदाज म्हणूनच घातक ठरतो.

शांत दिसणारे धोके

फेसाळणारा खळाळ भीतिदायक वाटतो. त्याहून धोकादायक ठिकाणे अनेकदा निरुपद्रवी दिसतात.

पहिले म्हणजे बुटके बंधारे. पाण्याने भरलेल्या बंधाऱ्याची कड वरच्या बाजूने जवळजवळ दिसत नाही. नदी क्षितिजाशी सरळ रेषेत संपल्यासारखी भासते. खाली पडणारे पाणी मात्र पायथ्याशी गोल फिरत राहते आणि त्यात सापडलेली होडी, माणूस वा ओंडका पुन्हा पुन्हा बंधाऱ्याकडेच ओढला जातो. गोव्यातील वसंत बंधाऱ्यांच्या फळ्या पावसाळ्यापूर्वी काढल्या तरी पात्रातील बांधकाम तेथेच असते. बंधारा दिसण्याच्या बराच आधी काठाला लागून होडी उचलून पलीकडे न्यावी.

दुसरे म्हणजे काठावरून कोसळलेली झाडे आणि पाण्यात झुकलेली बांबूची बेटे. त्यांतून पाणी चाळणीसारखे निघून जाते, माणूस अडकतो. वळणाच्या बाहेरच्या काठाला धार नेमकी तिकडेच नेते.

तिसरे म्हणजे नांगर आणि दोरी. जोरदार धारेत नांगर टाकल्यास होडी खाली खेचली जाऊन क्षणात पाण्याने भरते. होडीत मोकळी लोंबणारी दोरी ठेवू नये आणि कोणीही स्वतःला होडीशी बांधून घेऊ नये.

साधने आणि बचाव

अंगाला घट्ट बसणारे जीवरक्षक जॅकेट, हेल्मेट, शिटी, पाय झाकणारे बूट, जादा वल्हे आणि फेकण्याची दोरी ही किमान साधने होत. खांद्याकडून वर ओढल्यावर कानापर्यंत सरकणारे जॅकेट निरुपयोगी असते. ते बसण्याखाली ठेवण्याची सवय तर त्याहून वाईट.

पाण्यात पडल्यास उताणे व्हावे, पाय प्रवाहाच्या दिशेला व पृष्ठभागाजवळ ठेवावेत आणि हातांनी काठाकडे सरकावे. गुडघ्याहून खोल धारेत उभे राहण्याचा प्रयत्न करू नये. पाऊल दोन दगडांत अडकले की प्रवाह माणसाला पुढे पाडतो आणि डोके वर काढणे अशक्य होते. होडी आडवी होऊन खडकावर टेकली तर आतील सर्वांनी तत्काळ खडकाच्या बाजूला सरकावे. घाबरून विरुद्ध बाजूला गेल्यास वरच्या अंगाची कड बुडून होडी उलटते.

गोव्यातील वाचकांसाठी

स्थिर व संथ पाण्याचा सराव मांडवी आणि शापोरा नद्यांच्या खाडीभागात, वाऱ्याचा जोर नसलेल्या सकाळी करता येतो. भरती व ओहोटी यांच्यात साधारण सव्वासहा तासांचे अंतर असते. जाताना ओहोटीची साथ मिळाली तर परतताना तीच विरोधात उभी राहू शकते. म्हणून वेळापत्रक आधी पाहावे. फेरीबोटींच्या मार्गात आणि मानशींच्या तोंडाशी सराव करू नये. मानशीची दारे उघडी असताना तेथील ओढ अनपेक्षित असते.

खळाळत्या पाण्याचा अनुभव सत्तरी तालुक्यात म्हादईवर मिळतो. उस्ते-सोनाळ परिसरात २०१२ पासून पावसाळी महिन्यांत राफ्टिंग चालते. तेथील खळाळ श्रेणी २ ते ३ चे असल्याने नवशिक्याने मार्गदर्शकाच्या तराफ्यातूनच जावे, स्वतःची होडी नेऊ नये. शेजारी कर्नाटकातील काळी नदी आणि रायगड जिल्ह्यातील कोलाडची कुंडलिका येथे धरणातून वा वीजकेंद्रातून सुटणाऱ्या पाण्यावर राफ्टिंग होते. वेळ ठरलेली असल्याने तेथे पाण्याचा अंदाज तुलनेने सोपा असतो. पावसाळ्यात नद्या व धबधब्यांच्या ठिकाणी उतरण्यास प्रशासनाने मनाई केली असल्यास ती सरावालाही लागू होते, हे लक्षात असावे.

पुढील पायरी केव्हा गाठावी, यासाठी एक साधी कसोटी आहे. संथ वाहत्या पाण्यात आधी ठरवलेल्या तीन ठिकाणी, पहिल्याच प्रयत्नात, होडी काठाला न आपटता थांबवता आली पाहिजे. तीनपैकी एक ठिकाण चुकले तरी त्याच पाण्यात पुन्हा सराव करावा. पुढे नेण्याचे काम नदी आपोआप करते. हवे तेथे थांबणे मात्र शिकावेच लागते.